एकतिसावी

प्रिय पिटुकले,

आता तू तीस वर्षांची घोडी झालीस, हाताखाली दोन माणसं आहेत, तरी मी पिटुकलीच लिहिणार. कागदावर तरी मला कुणी अडवू शकत नाही. तुझे आजोबा शेजारी बसलेत, चष्मा पुसून तयार. मी एक ओळ लिहिली की वाकून बघतात आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढतात. मी सांगून ठेवलंय, वेलांट्या हव्या तिकडे वळवा, पण मजकुराला हात लावायचा नाही. तिसरी झालेल्या बाईचं पत्र आहे, ते तसंच दिसलं पाहिजे. त्यावर म्हणतात, "तिसरी तरी कुठे पुरी झाली तुझी?" खरंच आहे ते. बेरीज झाली, वजाबाकी झाली, गुणाकार अर्ध्यावर आला आणि भागाकाराच्या धड्याच्या आदल्या आठवड्यात माझी शाळा सुटली ती सुटलीच. नंतर शिवणाच्या मशीनवर बसले. तिथे भागाकार लागतोच, पण तो आम्ही घडी घालून करतो. कापड दुमडलं की अर्धं, पुन्हा दुमडलं की पाव. तिसरा हिस्सा काढायचा म्हटलं की मात्र कापड रुसतं, तीनदा घालावी तेव्हा एकदा घडी बसते. हे मी तुला का सांगतेय? हां, भागाकारावरूनच लिहायचंय मला. पण आधी बातम्या सांगून टाकते, म्हणजे डोकं मोकळं होईल.

जिन्यातला दिवा एकदाचा लागला. वरच्या मजल्यावरच्या जुळ्या मुलींचे पुढचे दात एकाच आठवड्यात पडले, दोघींचेही, आता दोघी "आजी, सांगा ना" म्हणायला गेल्या की शिट्टी वाजते. आमच्या शिंपीमास्तरांनी दुकानात नवीन मशीन आणलं, ते आपलं आपण काज करतं, आणि मास्तर दिवसभर त्याच्यासमोर हात बांधून उभे, घरी मोठा पाहुणा आल्यासारखे. मी अजून आठवड्यातून तीन दिवस जाते. शाळेच्या गणवेशांचे दिवस आहेत, निळ्या स्कर्टांचे ढीग लागलेत. हुक लावायला माझ्याइतका हात कुणाचा चालत नाही, हे मी म्हणत नाही, मास्तर म्हणतात. म्हणजे मी विचारलं तेव्हा म्हणाले.

आणि काल दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. तिथे बाकावर सगळे गाल धरून बसलेले, जणू कुणीतरी सगळ्यांच्या थोबाडीत मारून रांगेत बसवलंय. मी शेजारच्या बाईंना सहज विचारलं, तुम्हाला नातवंडं आहेत का? त्यांच्या तोंडात कापूस होता, बोलता येत नव्हतं. माझ्या दृष्टीने हे सोयीचंच झालं. मी फोन काढला आणि तुझ्या गणिताच्या धड्यांचा तिसरा भाग लावला. त्यांनी हातानेच विचारलं, ही कोण? म्हटलं, माझी नात, शिकवते. तर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "कुठल्या शाळेत?" मी म्हटलं, "सगळ्या शाळांत." म्हणताना मान किती ताठ झाली माझी, तुला सांगते, आज दुखतेय. मग ते गृहस्थही सरकून आले, एक आई आणि तिची मुलगीही आली, आणि आतून डॉक्टरांची मदतनीस नावं पुकारतेय तरी कुणी उठेना. शेवटी ती बाहेर आली तणतणत, "इथे काय चाललंय?" आणि तीही उभीच राहिली. भाग संपल्यावर कापूसवाल्या बाईंनी माझा हात दाबला. इतकं कौतुक मला दात काढायच्या दिवशी कधी मिळालं नव्हतं.

तुझं काम नेमकं काय, हे समजायला मला दोन वर्षं लागली हे कबूल करते. मी सगळ्यांना सांगत सुटले होते की नात टीव्हीवर आहे. तू समजावलंस, टीव्ही नाही गं, मुलं घरी बसून फोनवर धडा बघतात, तो धडा मी लिहिते आणि मीच बोलते. आवडला नाही तर मुलं बोट लावून निघून जातात. हे मला फार उद्धट वाटलं होतं. आमच्या वेळी बाई बोलायला लागल्या की खिडकीबाहेर बघायची सोय होती, निघून जायची नव्हती. तू म्हणालीस, तेच तर, आता दार कायमचं उघडं आहे, म्हणून धड्याची सुरुवात लिहिणं सगळ्यात अवघड. धडा लिहायला दोन दिवस लागतात आणि पहिली चार वाक्यं लिहायला आठ. तेव्हा मी मनात म्हटलं, चार वाक्यांना आठ दिवस? आमच्याकडे आठ दिवसांत चाळीस स्कर्ट होतात. बोलले नाही. आता बोलले.

मग तुझ्या त्या साहेबीणबाई. त्यांचं नाव तू मला कधी सांगितलंच नाहीस, घड्याळबाई म्हणतेस, म्हणून मीही तेच लिहिते. प्रत्यक्ष भेटल्या आणि तोंडातून निघून गेलं तर मला दोष देऊ नकोस. कोणतं मूल कितव्या सेकंदाला उठून गेलं याची रेघ त्यांच्याकडे असते, आणि त्या रेघेवर बोट ठेवून त्यांनी तुला सांगितलं की तीन भाग देते. पहिल्या पंधरा सेकंदांत मुलाने मनात "मग?" म्हटलं पाहिजे. तीन भागांत एकदाही निम्मी मुलं शेवटपर्यंत टिकली नाहीत, तर गणित दुसऱ्या कुणाला देणार आणि तू इतरांचे धडे तपासत बसायचं. हे तू मला हसत हसत सांगितलंस. तू हसत सांगितलंस की मला कळतं, आता काही खरं नाही. गणित तुझ्याकडून काढून घेणं म्हणजे माझ्या हातातली कात्री काढून घेऊन मला दुकानाच्या दारात उभं करण्यासारखं. गणित शिकवायचं म्हणून तू चांगली कायमची नोकरी सोडलीस, तुझे आईबाबा महिनाभर तुझ्याशी धड बोलत नव्हते, ते मी विसरलेले नाही.

पहिला भाग अपूर्णांकांचा होता. तू "नमस्कार बालमित्रांनो" म्हणालीस, मग संगीत वाजलं, मग एक चक्र फिरलं, मग आज आपण काय काय शिकणार आहोत याची यादी आली, आणि यादीतल्या तिसऱ्या गोष्टीला मला डुलकी लागली. संध्याकाळी तू विचारलंस तेव्हा मी "फार छान" म्हणाले. खोटं बोलले. आजोबांनी तर सबंध बघितला, पण ते रेल्वेचं वेळापत्रकही सबंध वाचतात, त्यांचं काही धरू नकोस. शंभरातली बावीस मुलं राहिली. मग कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलं की सुरुवातीला दणका पाहिजे. दुसरा भाग लिटर-मिलिलिटरचा, आणि तू काय केलंस, तर जिन्यावरून काचेच्या ताटल्या सोडून दिल्यास! माझ्या हातातला फोन उडाला. आजोबा आतून ओरडले, "काय फोडलंस?" दोघांनी मिळून स्वयंपाकघरातल्या ताटल्या मोजल्या, सगळ्या जागेवर. तोपर्यंत तू लिटरवर आली होतीस आणि ताटल्यांचं पुढे नावच नाही. त्या का फोडल्या, कुणाच्या होत्या, कुणी उचलल्या, काही नाही. मुलं ताटल्या संपेपर्यंत थांबली आणि गेली. खाली एकाने लिहिलंही होतं, "ताई, परत फोडा."

त्यानंतरचा तुझा फोन मला शब्दन् शब्द आठवतो. मी स्कर्टांच्या ढिगात बसले होते, तोंडात टाचण्या. तू म्हणालीस, "आजी, माझा हुक बसतच नाहीये गं. तिसऱ्या सेकंदाला सुटतो." मी टाचण्या काढून म्हटलं, "केवढा आहे?" तू म्हणालीस, "चौतीस." मी म्हटलं, "चौतीसला बारीक हुक लावलास तर सुटणारच! जरा जाड घे." तू म्हणालीस, "जाडच घेतला होता, ताटल्या फोडल्या ना." मला वाटलं, इतका राग की ताटल्या फोडल्या? कंबर वाढली म्हणून? मी म्हटलं, "पिटुकले, वय झालं की वाढते थोडी, मनाला लावून घेऊ नये." तू म्हणालीस, "वाढली कुठे, निम्म्याच्या वर न्यायचीय मला!" मग तुझी ती मीटिंग सुरू झाली आणि फोन बंद. मी मास्तरांना म्हटलं, पोरीचा स्कर्ट सुटतोय चारचौघांत, आणि तिला सुई धरायला मीच कधी शिकवलं नाही. त्याच दिवशी पाकीट भरलं. दोन पत्ते हुक, जाडातले, निळा दोरा, सुई, आणि चिठ्ठी. चौतीस म्हणजे शंभरातली चौतीस मुलं, आणि हुक म्हणजे धड्याच्या सुरुवातीला तुम्ही लोक हुक म्हणता, हे मला स्वप्नात तरी कसं कळावं? जन्मभर हुकच लावले मी, पण ते स्कर्टाला.

ते पाकीट तू कचेरीत सगळ्यांसमोर उघडलंस आणि घड्याळबाईंनी चिठ्ठी मोठ्याने वाचली. मला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिठ्ठीत काय होतं, तर एवढंच की हुक एकटा काही धरत नाही, समोर त्याचं घर नीट घाल. घर आपल्या बाजूला घालून उपयोग नाही, ते समोरच्या पट्टीवर लागतं, जिथे ती आपसूक येते तिथे. आणि कापड ओढून हुक लावू नकोस, बसता-उठता तुटतो. तुम्ही सगळे पोट धरून हसलात म्हणे. तू मला फोन करूनही हसलीस, उचकी लागेपर्यंत.   मग मधेच हळूच म्हणालीस, "आजी, ते घराचं परत सांग." मी परत सांगितलं. कसला मोठा हुक आणि कसला चकचकीत हुक, समोर दोऱ्याचा एवढासा फास नसेल तर तो हवेतच. तू म्हणालीस, "म्हणजे मुलांच्या बाजूला काहीतरी आधीपासून असायला हवं." मी म्हटलं, "मुलांचं मला माहीत नाही, स्कर्टाचं सांगतेय." आणि त्यानंतर दोन आठवडे तुझा फोन नाही, नुसते निरोप. बरी आहे, लिहितेय, जेवले.

मागच्या गुरुवारी आजोबांच्या फोनवर तो भाग आला. खाली तू लिहिलं होतंस की तीन शाळांतल्या मुलांना दाखवून झालाय, आकडा संध्याकाळी कळेल, आजीला दाखवा. दुपारची वेळ, वरच्या जुळ्या शाळेतून येऊन माझ्याकडेच बसल्या होत्या, त्यांच्या आईला यायला उशीर होता. म्हटलं, या गं, ताईचा धडा बघू. एक म्हणाली, "गणित?" आणि तोंड एवढंसं केलं. दुसरी म्हणाली, "ताटल्या आहेत का?" बघ, कीर्ती कुठवर गेलीय तुझी.

संगीत नाही, चक्र नाही, नमस्कार नाही. रिकामा वर्ग, बाकांच्या रांगा, आणि तू भिंतीला टेकून उभी. "बाई म्हणाल्या, जोड्या करा. वर्गात एकतीस मुलं. सगळ्यांनी पळत जाऊन कुणाचा ना कुणाचा हात धरला. मी कोण होते, ओळखा." आणि तू गप्प. किती वेळ गप्प होतीस? मी मोजलं नाही, घड्याळबाईंनी मोजलं असेल. माझ्या डाव्या बाजूची जुळी हळूच म्हणाली, "उरलेली." उजवीकडची म्हणाली, "आपण कधीच उरत नाही, आपण दोघी असतो." तर डावीकडची म्हणाली, "गाण्याच्या तासाला बाई आपल्याला लांब बसवतात ना, तेव्हा मी उरते." हे तिने तिच्या जुळ्या बहिणीलाही कधी सांगितलं नव्हतं, मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं. आणि मग दोघी एकदम म्हणाल्या, "मग? सांग ना!" शिट्टीसकट, दात नाहीत ना. पिटुकले, त्या "मग"ने माझ्या अंगावर काटा आला. तुझ्या बाई ज्याच्यासाठी रेघा मारत बसतात, तो माझ्या दिवाणखान्यात वाजला.

मग धडा. दोन-दोनच्या जोड्या केल्या की एक उरतो. ती मुलगी म्हणते, बाईंनी तीन-तीनचे गट केले तरी? तरीही एकच. पाच-पाचचे? एक. सहा-सहाचे? पुन्हा एक. आणि ते एक म्हणजे मी. जुळ्या बोटं मोजायला लागल्या, मीही मोजायला लागले, माझा भागाकार राहिलेला होता ना. मग तू म्हणालीस, "ती मुलगी घरी गेली आणि तिने आजीच्या डब्यातली एकतीस बटणं टेबलावर मांडली." आणि एकेक बटण सरकवत तू चारपर्यंत आलीस. चार-चारचे सात गट, आणि उरली तीन. तू ती तीन बटणं जवळ जवळ ठेवलीस आणि म्हणालीस, "तीन म्हणजे एकटी नाही. दुसऱ्या दिवशी मी बाईंना जाऊन सांगितलं, बाई, उद्यापासून चार-चार करा ना." पुढे तू बाकी म्हणजे काय, ती कशी मांडायची, भाजकाहून मोठी का नसते, सगळं शिकवलंस, आणि सत्तर वर्षं राहिलेला धडा मी बसल्या जागी शिकले. सतरा भागिले पाच, भाग तीन, बाकी दोन. वाटल्यास तपासून बघ. आजोबांनी बघितलंय, बरोबर आहे.

पण माझं मन त्या बटणांपाशीच राहिलं. पांढरी, चार भोकांची, शर्टाची बटणं. एका रविवारी दुपारभर तू कापायच्या टेबलावर ती मांडून बसली होतीस, तेव्हा तू आठ वर्षांची. मला ते टेबल हवं होतं, मी म्हटलं, "पुरे झाला खेळ, उचल ती." तू म्हणालीस, "आजी, थोडं थांब, अजून एक आकडा राहिलाय." मी तुझ्यावर खेकसले, हेही आठवलं. मला वाटलं पोर खेळतेय. तू खेळत नव्हतीस गं. ज्यात आपण एकटं उरणार नाही असा आकडा शोधत होतीस. आणि मग आठवलं की एकतीस झाले कसे. तुझ्या आईबाबांची बदली शाळाच नाही अशा ठिकाणी झाली, वर्ष अर्धं झालेलं, आणि मी तुझा हात धरून त्या शाळेत गेले. मोठ्या बाई म्हणाल्या, वर्ग भरलाय, बरोबर तीस मुलं आहेत. मी म्हटलं, "एकाने काय बिघडतं हो?" वर म्हटलं, गणवेश मीच शिवते तुमच्या शाळेचे. त्या हसल्या, आणि घेतलं तुला. केवढ्या ऐटीत घरी आले होते मी त्या दिवशी! तीस मुलांच्या जोड्या सरळ लागत होत्या, एकतिसावी मी नेऊन उभी केली. रोज शाळा सुटली की विचारायचे, आज कुणाबरोबर खेळलीस? तू म्हणायचीस, "सगळ्यांबरोबर." मला ते उत्तर इतकं आवडायचं की मी पुढचं कधी विचारलंच नाही. पुढे ती चष्मेवाली आणि तो तोतरा मुलगा आपल्याकडे यायला लागले, कात्रणांवर लोळून हसायला लागले. आता कळलं, ते दोघं कुठून आले. तुझ्या भागाकारातून आले. चष्मेवाली तर अजून मला फोन करते.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. शंभरातली एकाहत्तर मुलं शेवटपर्यंत राहिली, गणित माझ्याकडेच, सोमवारी सगळ्या शाळांना जाणार, असं तू एका दमात सांगितलंस आणि विचारलंस, "बघितलास?" मी म्हटलं, "बघितला. बरा आहे. ठेवते." आणि ठेवला. तेवढंच जमलं गं मला. डोळे पुसत जुळ्यांना मी सांगितलं कांदा चिरतेय, तर म्हणाल्या, "कांदा कुठेय?" मग शुक्रवारी मी मास्तरांना भाग दाखवला. मास्तरांनी नवं मशीन बंद केलं बघायला, यावरून काय ते समज. शनिवारी जुळ्यांच्या आईला, रविवारी खालच्या औषधांच्या दुकानात, काल दातांच्या डॉक्टरकडे. सगळ्या गावाला सांगितलं आणि तुलाच सांगायचं राहिलं. तुला फोन लावायला घेतला की पुन्हा तोच कांदा.

आणि आज सकाळी आजोबांनी तुझा निरोप वाचून दाखवला. तू लिहिलंस, "आजीला लागलेलं दिसतंय, ती बोलत नाही. मी तिला विचारायला हवं होतं. सुरुवात काढून साधी घालते. आकडा पडला तर पडू दे, एका भागासाठी आजीला दुखवणार नाही. सोमवारी गेला नाही तो, शुक्रवारपर्यंत थांबवलाय." ते ऐकून मी हातातलं सगळं टाकलं आणि कागद घेतला. फोनवर मी धड बोलणार नाही आणि तू "बरं बरं, आजी" म्हणून माझं म्हणणं मोडून काढशील, म्हणून हे पत्र, आणि ते गुरुवारी तुझ्या हातात पडलंच पाहिजे असं पाकीट नेणाऱ्याला दोनदा बजावणार आहे. काढू नकोस. अक्षरही काढू नकोस, आणि ते गप्प उभं राहणंसुद्धा तेवढंच ठेव, सेकंदाने कमी नाही. मला लागलं, खोटं कशाला बोलू. पण ते लागणं माझं आहे, माझं मी बघून घेईन. त्याच्यासाठी तू तुझं गणित सोडायचं नाही. आठ वर्षांची असताना तू कुणाकडे रडत गेली नाहीस, बटणं मांडलीस आणि वाट काढलीस, आणि आता ती वाट हजारो पोरांना दाखवतेस. अशी नात माझ्या घरात वाढली आणि मला पत्ता नव्हता, याची लाज वाटते तेवढीच मिजासही वाटते, आणि खरं सांगू, मिजास जास्त वाटते. घड्याळबाईंना जाऊन सांग, आजीने परवानगी दिली असं नको, आजीने दम दिला असं सांग. आत्ता कुठल्यातरी वर्गात एखादं पोर भिंतीला टेकून उभं असेल, आणि घरी जाऊन सगळ्यांबरोबर खेळले म्हणून सांगणार असेल. तुझा भाग त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे. आणि त्याच्या आजीपर्यंतही.

तुझीच, आणि सध्या कुणाशीही सरळ बोलायच्या पलीकडे अभिमानाने फुगलेली,
आजी